अक्षर बाईंचंच

१

मिझोगुची बाई तळ्यात सापडल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की त्यांना बाहेर काढणाऱ्या दोघांना एकमेकांचे चेहरेही धड दिसत नव्हते. काठावर बाईंच्या सपाता नीट जुळवून ठेवलेल्या होत्या, बोटं पाण्याकडे आणि टाचा गावाकडे. जीव द्यायला निघालेला माणूस आमच्या भागात पायातलं काढूनच जातो. त्यामुळे सपाता दिसताच जमलेल्यांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला आणि हात जोडले.

घरात, लिहायच्या बैठ्या मेजावर, लोखंडी वजनाखाली एक कागद होता.

"माझ्या हातून जे व्हायला नको होतं ते झालं. त्याची भरपाई कशानेच होणार नाही. कुणाला तोंड दाखवायची माझी लायकी उरलेली नाही. क्षमा मागण्याचाही मला हक्क नाही, तरी क्षमा करा."

खाली नाव नव्हतं, वर तारीख नव्हती. पण अक्षर बघून कुणालाच शंका आली नाही. कामिताकी गावातल्या अर्ध्या लोकांना बाईंनीच लिहायला शिकवलं होतं. त्यांनी ते पुढे टाकून दिलं ही गोष्ट वेगळी. ठाण्याचे प्रमुख यागीसाहेब स्वतः लहानपणी त्यांच्या वर्गात मांडी घालून बसलेले. त्यांनी कागद पाहिला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "अक्षर बाईंचंच. मिटलं."

तपासाला आलेली त्सुजी कानाए मात्र कागद खिडकीशी धरून उभी होती. पंचेचाळिशीची, बोलायला फटकळ, आणि स्वतःचं अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. गेल्या काही वर्षांत सहीपलीकडे तिने हाताने काही लिहिलं नव्हतं. तरी कागद हा कागद असतो आणि घडी ही घडी असते. या कागदाची तीन पदरी घडी घातलेली होती, लिफाफ्यात घालायला घालतात तशी. घडीच्या कडा मळलेल्या होत्या.

"आपल्याच मेजावर ठेवायचा कागद कुणी खिशात घालून फिरवतं का, साहेब?"

"विचार बदलला असेल, पुन्हा ठरवलं असेल. म्हातारं माणूस. जाऊ दे ना."

त्सुजी जाऊ देणारी नव्हती. ती बाहेर पडता पडता उंबऱ्याशी थांबली. छत्र्यांच्या मडक्यात बाईंची काठी उभी होती. खुबा मोडल्यापासून बाई काठीशिवाय परसातही जात नसत, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आणि तळं बांधावर, चांगल्या चढणीच्या वर.

म्हणजे बाई कुणाचा तरी हात धरून तिथवर गेल्या होत्या.

२

बाईंचं जवळचं म्हणावं असं एकच माणूस होतं, भाचा ताकुतो. ताकामात्सु शहरात जागांची दलाली करायचा. आत्याच्या घराच्या जागी गाड्या लावायला मैदान करावं असं त्याच्या मनात कधीपासूनचं होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. उलट त्सुजीसमोर उदोनच्या जाड शेवयांचा वाडगा ओढून घेत तो म्हणाला, की संशय घ्यायचा असेल तर आधी त्याच्यावरच घ्या, त्सुजीच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं.

त्याने सांगितलं, की आत्याच्या लिहायच्या वर्गात पूर्वी बसायला जागा नसे, आता दोन मुली येत आणि त्याही आईच्या धाकाने. आत्याचं पोट चालायचं ते दुसऱ्यांसाठी लिहून. सांत्वनाची पत्रं, आभाराची, सोयरिकीची, माफीची. आमच्याकडे असली पत्रं छापून पाठवली तर तोंडावर मारल्यासारखं वाटतं. हाताने लिहायला हवीत. आणि हात तर सगळ्यांचे मोडलेले. दहा-वीस रेघांची आमची चिन्हं फोनवर बघून निवडता येतात, हाताने काढायला आठवत नाहीत.

"गावाचं सगळं रडणं आणि सगळी माफी आत्याच्याच हातून व्हायची," ताकुतो म्हणाला. "पण कुणाचं काय लिहिलं ते पोटात. मला कधी चकार शब्द नाही."

त्सुजीने त्याला फोनवर त्या कागदाचा फोटो दाखवला. त्याने खाता खाता पाहिलं आणि काड्या खाली ठेवल्या.

"आत्या पेनाने लिहायला लागली होती?"

"म्हणजे?"

"अहो, दूधवाल्याला 'उद्या नको' एवढं कळवायचं तरी तिचं शाई उगाळणं सुरू व्हायचं. कुंचल्याशिवाय स्वतःचं असं एक अक्षर लिहायची नाही ती. आणि मरताना पेन घेतलं?"

त्सुजीला मनापासून शरम वाटली. सकाळपासून ती तो कागद पाहत होती. पेन काय, कुंचला काय, तिच्या लेखी ते नुसतं हाताने लिहिलेलं होतं.

तिने यागीसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोकं खाजवलं आणि भलताच निष्कर्ष काढला. चिठ्ठी बाईंनी स्वतःहून लिहिली नसेल, तर ती बनावट असणार. बाईंसारखं हुबेहूब लिहिणारं गावात एकच माणूस आहे, हातानो योरिको, त्यांची सगळ्यात पुढची शिष्या. आणि शेजारणीने एव्हाना सांगितलेलंच होतं, की आदल्याच दिवशी बाई योरिकोच्या घरी गेल्या होत्या आणि योरिकोने आरडाओरडा करून त्यांना हाकलून दिलं होतं.

३

योरिकोचं नाव निघालं आणि ठाण्यातले सगळे गप्प झाले. तिच्याबद्दल मोठ्याने बोलायचं नाही, असा गावात अलिखित रिवाज झाला होता.

तिची एकुलती एक मुलगी काओरु मागच्या वर्षी शाळेच्या गच्चीवरून उडी टाकून गेली. वर्गातल्या मुली तिला महिनोन्‌महिने छळत होत्या आणि शाळेने बघून न बघितल्यासारखं केलं होतं. योरिको कोर्टात गेली होती. मग मुख्याध्यापक निशिकादो यांचं पत्र आलं. चांगलं सहा-सात पानांचं, आणि सगळं हाताने लिहिलेलं. सबबी नाहीत, वकिली भाषा नाही. ते वाचून योरिकोने खटला मागे घेतला. पेपरात बातमी आली, लोक म्हणाले, आजच्या काळात इतकं हाताने लिहितं कोण? माणूस मनाचा खरा. येत्या वसंतात निशिकादो सर गावाच्या सगळ्या शाळांचे प्रमुख होणार होते.

बाईंच्या अंत्यदर्शनाला सगळं गाव लोटलं. दाराशी नोंदवही आणि कुंचला ठेवलेला होता, आणि त्या वहीपाशी भल्याभल्यांची गाळण उडत होती. दुकानदार, डॉक्टर, आमदाराचा सेक्रेटरी, सगळे एका बाजूला कलंडलेली नावं लिहून, ओशाळं हसून आत जात होते. त्सुजीने स्वतःचं नाव लिहिताना शाईचा थेंब सांडला. निशिकादो सर आले, त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. छापील कार्ड दोन्ही हातांनी तबकात ठेवलं आणि वाकून पुढे झाले. तसं करणारे आणखीही होते.

शेवटी योरिको आली. ती लिहू लागली तशी मागची कुजबुज बंद झाली. मुलगी गेल्यापासून तिने कुंचला हातात धरला नव्हता म्हणतात, तरी नाव असं उतरलं, की पुढच्या माणसाला त्याखाली आपलं नाव लिहायचा धीर होईना.

त्सुजीने तिला बागेत गाठलं.

"बाई तुमच्याकडे कशाला आल्या होत्या?"

"आल्या होत्या. मी जा म्हटलं. गेल्या."

"भांडण कशावरून?"

"ते मी सांगणार नाही."

"योरिकोताई, साहेब तुम्हाला उद्या आत घेतील. त्यांच्या डोक्यात चिठ्ठी तुम्हीच बनवली असं बसलंय."

"घेऊ दे." तिचा आवाज अगदी शांत होता. "माझ्याकडे जपण्यासारखं एकच उरलंय. ते मी तुमच्या टेबलावर आणून ठेवणार नाही."

एवढं बोलून ती चालू लागली. 

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुजी पुन्हा बाईंच्या मेजाशी जाऊन बसली. कुंचले ओळीने टांगलेले होते. दगडी दौत धुऊन पालथी घातलेली होती. आणि खणात एक जुनं शाईचं पेन होतं, निब एका बाजूने झिजलेली.

पेन वापरातलं होतं. मग कशासाठी? तिने ताकुतोला फोन लावला.

"ते होय," तो म्हणाला. "ते खर्ड्यासाठी. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी तासभर बोलायची, मग पेनाने खर्डा करायची, आपल्या नेहमीच्या अक्षरात. तो माणसाने घरी न्यायचा, वाचायचा, पटला की परत आणायचा. मग पक्कं पत्र."

"पक्कं कुंचल्याने?"

"ते ज्याचं त्याच्यावर. खरी गंमत तिथे होती. पक्कं पत्र ती त्या माणसाला शोभेल अशा अक्षरात लिहायची. किराणावाल्याचं बोजड, नव्या सुनेचं बुजरं. घेणाऱ्याला वाटायचं पाठवणाऱ्यानेच लिहिलंय. फक्त नावं कोरी ठेवायची. म्हणायची, तेवढं तरी आपल्या हाताने लिहा, नाहीतर पत्र कुणाचंच नाही."

"आणि खर्डा?"

"चुलीत. परत आणलाच पाहिजे असा दंडक होता तिचा."

त्सुजीने फोन ठेवला आणि कागदाचा फोटो पुन्हा उघडला. सगळं डोळ्यासमोर होतं. पेनाने लिहिलेला, घडी घातलेला, बाईंच्या खऱ्याखुऱ्या हातचा कागद. चिठ्ठी बनावट नव्हतीच. ती दुसऱ्याच्या माफीचा खर्डा होती. वर तारीख नाही आणि खाली नाव नाही, कारण ते मधलंच एक पान होतं. कुणीतरी खर्डा परत केला नव्हता, आणि वेळ आली तेव्हा त्यातलं सोयीचं पान आणून मेजावर ठेवलं होतं.

तिने ते यागीसाहेबांना समजावलं. योरिकोला बाईंच्या नावाने चिठ्ठी ठेवायची असती, तर ती कुंचल्यानेच लिहिली असती. पेनाने लिहिण्याची चूक तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. ताकुतोला तर ती चूक फोटो पाहताच दिसली, आणि ज्याला दिसली त्याने ती केलेली नसणार. ही चूक कोण करेल? ज्याचं लिहिणं सुटलंय तो. त्सुजीसारखा. ज्याला बाईंचं अक्षर ओळखता येतं, पण पेन आणि कुंचला यांत फरक करावा असं सुचतही नाही.

"अख्खं गाव तसलंच आहे," यागीसाहेब म्हणाले. "मीही त्यातलाच. मग माफी कुणाची?"

"इतकी मोठी माफी गेल्या वर्षात कुणी मागितली, साहेब?"

यागीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सहा-सात पानं हाताने लिहिणारा तो मनाचा खरा माणूस त्यांनाही आठवला. तोच माणूस नोंदवहीत आपलं नाव लिहायला तयार नव्हता.

५

योरिकोच्या घरात देव्हाऱ्याशी काओरुचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. फोटोपुढे संत्री आणि त्यांच्या मागे एक जाड लिफाफा. त्सुजी समोर बसली, उदबत्ती लावली, हात जोडले आणि मग म्हणाली, "ते पत्र मला बघायचंय."

योरिको हलली नाही.

"योरिकोताई, ते बाईंनी लिहिलंय. हे तुम्हाला ठाऊक आहे. भांडण त्यावरूनच झालं."

 मग योरिकोने लिफाफा उचलला आणि एकेक पान चटईवर मांडलं. बोजड, पुरुषी, कुठे कुठे खरडलेलं अक्षर. बाईंनी हात इतका बेमालूम बदलला होता की त्यांच्या सगळ्यात पुढच्या शिष्येलाही ते उमजलं नव्हतं. मधल्या एका पानावर त्या ओळी होत्या. माझ्या हातून जे व्हायला नको होतं ते झालं. त्याची भरपाई कशानेच होणार नाही.

त्सुजीने बाईंच्या मेजावरच्या कागदाचा फोटो शेजारी ठेवला. शब्दाला शब्द जुळत होता.

"वर्षश्राद्धाला बाई आल्या," योरिको सांगू लागली. "मीच त्यांना पत्र वाचायला दिलं. कौतुकाने. त्या वाचता वाचता पांढऱ्या पडल्या, काही बोलल्या नाहीत, निघून गेल्या. मग परवा आल्या नि सांगितलं. तो माणूस त्यांना म्हणाला होता, माझ्या नात्यातल्या पोराने परगावी गाडीखाली एक मूल मारलंय, त्याच्यासाठी लिहून द्या. काओरुचं नाव त्यांना कळलंच नव्हतं, नावाच्या जागा कोऱ्या होत्या. त्या माझ्या पाया पडत होत्या. मी म्हटलं खोटं बोलता तुम्ही, जळता तुम्ही, निघा इथून."

"तुम्हाला खरंच खोटं वाटलं?"

"हे बघा." योरिकोने बोट ठेवलं. सगळ्या पानांत काओरुचं नाव तेवढं वेगळं होतं. रेघा वेड्यावाकड्या, तुटक, एकेक ठिपका थरथरलेला. "बाकी पत्राचं मला काही वाटलं नव्हतं. शब्द कुणालाही सुचतात. पण हे पाहिलं नि मी म्हटलं, पोरीचं नाव लिहिताना त्याचा हात थरथरलाय. म्हणजे त्याला काहीतरी झालं. म्हणून मी केस मागे घेतली. रोज रात्री मी तेवढंच बघायची."

त्सुजीने नाव नीट पाहिलं. आता तिला दिसत होतं ते योरिकोने फार आधी पाहिलेलं असणार, फक्त मानलं नसणार. हाताने लिहिणारा रेघ सोडताना थोडी ओढतो. इथे तसं काही नव्हतं. पडद्यावर जसं छापील दिसतं, तसं ते रेघ रेघ बघून चितारलेलं होतं, चित्रकला न येणाऱ्याने घर काढावं तसं. त्याचा हात दुःखाने नव्हता थरथरला. त्याला ते अक्षर येत नव्हतं.

"पत्र खोटं ठरलं," योरिको म्हणाली, "तर माझ्या पोरीसाठी कुणी रडलंच नाही असं होईल. म्हणून म्हटलं, मला आत घेतलं तरी चालेल."

त्सुजीने लिफाफ्याकडे पाहिलं. मेजावर सापडलेलं पान एकट्याने काहीच सिद्ध करत नव्हतं. ते कुणाच्या माफीचं आहे हे सांगायला हेच पत्र समोर ठेवावं लागणार होतं, आणि एकदा ठेवलं की ते या लिफाफ्यात पुन्हा खरं होऊन परतणार नव्हतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

योरिको फोटोकडे बघत राहिली. मग तिनेच पानं गोळा केली, कडा जुळवल्या आणि लिफाफा दोन्ही हातांनी पुढे केला.

६

निशिकादो सरांची खोली स्वच्छ, उजेडाची होती. मेजावर एक संगणक आणि फुलांचा गुच्छ. पेन ठेवायची जागा होती, पेन नव्हतं. त्यांनी त्सुजीचं सगळं बोलणं मान तुकवत ऐकून घेतलं, जसं पालकांचं ऐकत असावेत.

"पत्र मीच लिहिलं," ते शेवटी म्हणाले. "भाषा तपासायला बाईंना दाखवलं होतं, एवढं मान्य. त्यांनी आपल्या अक्षरात उतरवून ठेवलं असेल, लिहिणाऱ्यांना तशी सवय असते. आणि पुढे मन खचलं तेव्हा तेच शब्द जवळचे वाटले असतील. बिचाऱ्या."

उत्तर चोख होतं. यागीसाहेब खुर्चीत चुळबुळले. त्सुजीने पिशवीतून एक कोरा कागद काढला, त्यावर आपलं पेन ठेवलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे सरकवलं.

"पत्र तुमचंच आहे म्हणता ना, सर. त्यातली एक ओळ लिहा. कुठलीही. नाहीतर नुसतं मुलीचं नाव."

सर हसले. पेन उचललं. पहिली आडवी रेघ ओढली, दुसरी ओढली, आणि हात हवेत राहिला. त्यांच्या शाळेतली मुलगी होती ती. हजेरीच्या यादीत, बक्षिसांच्या यादीत, शेवटी शोकसभेच्या फलकावर त्यांनी तिचं नाव शंभरदा वाचलेलं. वाचता येत होतं. पुढची रेघ कुठून सुरू होते ते हाताला ठाऊक नव्हतं. डावा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"फोन नको," यागीसाहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले.

कागदावर रेघा वाढत गेल्या, त्यातून काही होईना. घामाचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून मेजावर पडला.

"खर्डा बाईंकडे परत गेला असता तर चुलीत गेला असता," त्सुजी म्हणाली. "म्हणजे तो तुमच्याचकडे राहिला. पत्र तुमच्या नावाचं, खर्डा तुमच्याकडे. मग त्यातलं एक पान बाईंच्या मेजावर कोण आणून ठेवणार? आणि काठी न घेता बाई चढणीवर कुणाच्या आधाराने गेल्या?"

निशिकादोंनी पेन खाली ठेवलं. मग जे बोलले ते त्या दोघांशी नव्हे, त्या कागदाशी बोलल्यासारखं.

बाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. धमकी दिली नव्हती, पैसे मागितले नव्हते. म्हणाल्या, माझं पत्र परत घ्या आणि तुमचं स्वतःचं लिहा, दोन ओळींचं असलं तरी चालेल, मी शिकवते. समोर बसवलं. मागून हात धरला, बिगरीतल्या पोराचा धरतात तसा, आणि म्हणाल्या, आधी तिचं नाव.

"माझा हात धरला त्यांनी," ते म्हणाले. "मी मुख्याध्यापक. माझा हात धरून गिरवून घेत होत्या. आणि मला जमत नव्हतं. तास होऊन गेला तरी जमत नव्हतं. म्हणाल्या, असू दे, उद्या या, रोज या. रोज! गावाला कळलं असतं."

मग ते म्हणाले, जरा मोकळ्या हवेत जाऊ. बाईंना आधार दिला. बाई विश्वासाने चालल्या. वाटेतही त्या पेन सैल धरायला सांगत होत्या. बांधावर त्यांनी बाईंना पाण्यात लोटलं आणि काठावर राहिलेल्या सपाता नंतर जुळवल्या. खर्डा कोटाच्या आतल्या खिशात होता, बाईंनी बरोबर आणायला सांगितला होता म्हणून. बाकीची पानं त्यांनी जाळली.

"तुम्ही काय वाचवलंत?" त्सुजीने विचारलं. "योरिकोताईंना बाईंनी त्याआधीच सगळं सांगितलं होतं. आणि त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. बोलणारही नव्हत्या."

निशिकादोंना हे माहीत नव्हतं.  खिडकीबाहेर मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली आणि मुलं ओरडत मैदानाकडे धावली.

७

पुढे वसंत आला आणि खटला उभा राहायची वेळ झाली. निशिकादोंचा वकील योरिकोकडे माफीचं पत्र घेऊन गेला. कायद्याने ते चालतं, शिक्षा थोडी हलकी होते. पत्र छापील होतं. योरिकोने ते न वाचता परत केलं. वकील अजिजीने म्हणाला, की अशिलाला हाताने लिहिता येत नाही, हे तर आता सगळ्या देशाला ठाऊक झालंय, त्यांनी करायचं काय?

त्याच संध्याकाळी योरिकोने त्सुजीला बोलावून घेतलं. त्सुजी गेली तेव्हा चटईवर कागदाखाली घालायचं लोकरी कापड अंथरलेलं होतं आणि खोलीत ताज्या उगाळलेल्या शाईचा वास होता. योरिको केस घट्ट बांधून, पाठ ताठ करून बसली होती. देव्हाऱ्यात फोटोपुढची लिफाफ्याची जागा रिकामी होती. तिथे तिने दुसरं काही ठेवलं नव्हतं.

तिने मोठा कागद घेतला आणि काओरुचं नाव लिहिलं. संथ, ठसठशीत, पहिलीच्या पोराला कित्ता घालून देतात तसं. मग बारीक कुंचला लाल शाईत बुडवून प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला तिचा क्रमांक घातला, म्हणजे आधी कुठली आणि मग कुठली ते चुकायला नको. शेवटच्या ठिपक्याला क्रमांक घालताना मात्र ती थांबली आणि तोंडावर हात घेऊन रडली.  थोड्या वेळाने योरिकोने डोळे पुसले, तो क्रमांक घातला आणि कुंचला धुतला.

"तुरुंगात त्याला कागद-पेन्सिल देतात ना?"

"देतात."

"मग हे द्या. रोज गिरवायचं म्हणावं. पत्र नको मला. आधी नाव येऊ दे."

"किती दिवस?"

"येईपर्यंत."

शाई ओली होती. कागद तसाच गुंडाळला असता तर रेघा फिसकटल्या असत्या. त्यामुळे तो वाळेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.